शिजवलं तीनशे शेहेचाळीस

लाल रंगात, कंसात, वजा एकशे साठ. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातल्या प्रत्येक पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे असा आकडा येतो. मजकूर वाढला तर हिरवा, घटला तर लाल. संगणकाच्या लेखी देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा खातं, मग ते अख्खं अक्षर असो की नुसती वेलांटी. तिने एकशे साठातून मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं मिळून दहा वजा केले, उरलेल्या दीडशेला तीनने भागलं. पन्नास चिन्हं. 'शिवाय एकशे एकाहत्तर सैनिक बेपत्ता. मृतदेह नदीपलीकडे राहिले.' पुलाच्या लढाईच्या पानावर हे वाक्य सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी होतं आणि तेरा मिनिटांनी नव्हतं. एकशे एकाहत्तर माणसं आणि पन्नास चिन्हं. माणशी एका चिन्हाचा तिसरा हिस्साही येत नव्हता. त्याखाली लगेच दुसरा बदल, हिरवा, अधिक तेरा. उजवीकडच्या चौकटीत 'निकाल' या शब्दापुढे काल 'अनिर्णित' होतं, आज 'निर्णायक विजय'. तेरा बाइटांत लढाई जिंकली होती. इतक्या स्वस्तात तर जत्रेत कुणी कोंबडीही जिंकत नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं नाही. दोन्ही बदल 'वज्रमूठ' नावाच्या सदस्याचे होते. पहिल्यापुढे त्याने कारण दिलं होतं: 'बिनपुराव्याचा मजकूर काढला. पळपुट्यांची गणती हुताम्यांत नको.' हुतात्मे हा शब्दही त्याला नीट लिहिता आलेला नव्हता, पण त्याने ती नेहमीसारखी सुखावली नाही.

प्रयोगशाळेतल्या भट्टीत सहा चिनी मातीच्या वाट्या एकशे पाच अंशांवर सुकत होत्या. त्या बाहेर यायला चौदा मिनिटं होती. पाणी पूर्ण उडून गेल्यावर तळाशी जो पांढुरका थर उरतो त्याचं वजन करायचं, हे तिचं काम; एकोणीस वर्षं ती तेच करत आली होती. पाणी स्वच्छ दिसतं की नाही हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. वाटी आधी किती भरली, नंतर किती भरली, एवढंच. वजाबाकीखाली तिची सही होते आणि त्या सहीवर एखाद्या वस्तीचं पाणी चालू राहतं किंवा बंद होतं. कुणाला वाटेल यात मोठा अधिकार आहे. तिला त्यात कधी अधिकार वाटला नव्हता, आसरा वाटला होता. घरात, नात्यांत, रस्त्यावर माणसं जे काही बोलतात त्याचं पाणी उडवून तळाचं वजन करायची सोय नसते, इथे होती. आणि तरी, भट्टीच्या काचेत स्वतःचा चेहरा पुसट दिसत असताना तिला पुन्हा एकदा तेच आठवलं, जे तीन वर्षं रोज निदान एकदा आठवत होतं: हे सगळं सुरू केलं होतं तिनेच.

सोळा वर्षांपूर्वी, नोकरीला तीनच वर्षं झालेली, संध्याकाळी मोकळ्या आणि ज्ञानकोशही नवा. कुणीही यावं, लिहावं. तिने 'उकळबिंदू' असं नाव घेतलं आणि मीठ, तुरटी, क्लोरीन यांची पानं लिहिली. मग एका रविवारी वाटलं, बाबांच्या लढाईचं पान नाही, ते आपण लिहावं. बाबा त्या पलटणीत आचारी होते. लढाईबद्दल ते कधी बोलायचे नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. विचारायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बस पकडून छावणीच्या फाटकापाशी असलेल्या स्तंभाकडे गेली. काळा, गुळगुळीत, पुरुषभर उंच. त्यावरची नावं तिने वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली. दोन्ही वेळा एक्केचाळीस. दोन वाचनं जुळली की आकडा वहीत जातो, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. तिने लिहिलं, 'बेसाल्टच्या स्तंभावर एक्केचाळीस नावे कोरलेली आहेत. या लढाईतील एकूण मृत एक्केचाळीस.' पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंत एक उडी होती आणि ती तिने सहज मारली होती, जशी माणसं रस्त्यातलं डबकं ओलांडतात. स्तंभावर फक्त त्यांचीच नावं होती ज्यांचे देह हाती लागले. बाकीचे पुलापलीकडे राहिले, आणि पूल तर पडलेला. देह नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर नाव नाही, असा लष्करी खात्याचा शिरस्ता होता. अडाणी माणसाने कुणाला तरी विचारलं असतं की बाबा रे, एवढेच का? तिने विचारलं नाही, कारण तिने दोनदा मोजलं होतं. शहाणं माणूस घसरतं तेही शहाण्यासारखंच.

पाच वर्षांनी एका निवृत्त साहेबाने त्या लढाईवर पुस्तक काढलं, जाड, चकचकीत, पहिल्या पानावर झेंडा. त्यात अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या पानावर होतं: 'बेसाल्टच्या स्तंभावर एक्केचाळीस नावे', आणि पुढे, 'केवळ एक्केचाळीस वीरांच्या मोबदल्यात'. कुणीतरी ते पुस्तक ज्ञानकोशातल्या तिच्याच वाक्याला आधार म्हणून जोडलं. पान पुस्तकाच्या खांद्यावर, पुस्तक पानाच्या. दोन दारुडे एकमेकांना धरून घरी निघाल्यासारखे ते तेव्हापासून उभे होते. 'केवळ' हा शब्द मात्र साहेबांचा स्वतःचा होता. त्या 'केवळ'मधून मग सगळं उगवलं. इतके कमी मेले म्हणजे माघार नव्हतीच. माघार नव्हती म्हणजे विजय होता. विजय होता तर बेपत्ता कुठले? जे बेपत्ता म्हणतात ते पळाले असतील. तर्कात खोट कुठेच नव्हती. चुकीच्या वाटीत अगदी काळजीपूर्वक केलेलं वजन असावं तसं ते होतं, चार दशांशस्थळांपर्यंत बरोबर आणि संपूर्ण खोटं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दादाच्या घरी आईची खोली आवरताना बाबांची पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात जुनी, तेलाचे डाग पडलेली वही. दर दिवशी एक ओळ. तारीख, शिजवलं किती, जेवले किती, आणि शेवटच्या रकान्यात साहेबाची सही. महिनेच्या महिने दोन्ही आकडे एकच: तीनशे शेहेचाळीस, तीनशे शेहेचाळीस. मग एका तारखेला, शिजवलं तीनशे शेहेचाळीस, जेवले शहात्तर, इस्पितळात पेज अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सहीचा रकाना तिन्ही दिवस कोरा. ती वही घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "आकडा कमी करायचा तर साहेबाची सही लागायची. मला आपल्या मनाने कमी करता येत नव्हता."

"मग साहेबांनी केली नाही सही?"

"साहेब त्या कमी झालेल्यांतलाच."

एवढंच. तीन दिवस बाबांनी शिस्तीत तीनशे शेहेचाळीस माणसांचं जेवण शिजवलं होतं. बटाटे तेवढेच सोलले, चुली तेवढ्याच पेटवल्या, ताटं तेवढीच मांडली, कारण दोनशे बारा माणसं नाहीत असं म्हणायचा अधिकार आचाऱ्याला नव्हता. चौथ्या दिवशी दुसऱ्या पलटणीतून कुणीतरी आलं, आणि शिधा एकशे चौतीसचा झाला. त्या अन्नाचं काय केलंत, असं तिने विचारलं नाही. तिला ती ताटं दिसत होती, रांगेत, वाफ जाऊन थंड होत जाणारी, वर साय धरलेली. दोनशे बारातून एक्केचाळीस वजा. ही वजाबाकी तिने डोक्यात केली आणि डोकं तिथेच थांबलं. त्याच आठवड्यात ती पुन्हा स्तंभापाशी गेली. पाऊसपाण्याने एका कोपऱ्याचा पोपडा सुटला होता. तिने नखाने खरवडलं; काळा रंग निघाला, खाली राखाडी सिमेंट. बेसाल्ट नव्हताच तो. पदवीच्या वर्गात दगड ओळखायच्या परीक्षेत पहिली आलेली बाई रंगवलेल्या सिमेंटला बेसाल्ट म्हणून बसली होती, आणि पुस्तकवाल्या साहेबांनी, ज्यांनी तो स्तंभ कधी हाताने चाचपलाही नसावा, तिचा बेसाल्ट जसाच्या तसा उचलला होता. त्यांच्या पुस्तकाचा आकडा कुठून आला याचा याहून पक्का पुरावा जगात नव्हता. तो पुरावा फक्त तिच्याजवळ होता, आणि तो द्यायचा तर उकळबिंदू म्हणजे मी, हे सांगावं लागत होतं.

तिने सांगितलं नाही. उलट तिने उकळबिंदू सोडला आणि 'साधी नोंद' असं दुसरं नाव घेऊन पान दुरुस्त करायला आली. वहीचा दाखला देऊन बेपत्तांचं वाक्य घालायचं, कुणीतरी काढायचं, पुन्हा घालायचं. चर्चेच्या पानावर तिने एकदा चक्क लिहिलं: 'मूळ लेखकाने अपुऱ्या माहितीवर घाईने निष्कर्ष काढलेला दिसतो.' दिसतो. स्वतःकडे बोट दाखवून ती गर्दीत उभी राहिली होती आणि गर्दीबरोबर मान हलवत होती. ते वाक्य आठवलं की तिच्या मानेमागे अजून गरम व्हायचं. वज्रमुठीने त्याखाली लिहिलं होतं, 'मूळ लेखक देशभक्त होता. तू कोण?' जगात तिची बाजू घेणारा तो एकटा होता.

घंटी वाजली. चिमट्याने एकेक वाटी काढून तिने थंड व्हायला काचेच्या बंद पेटीत ठेवली. तेवढ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, साहेबांनी बोलावलंय. आत्ता म्हणाले." आणि जाता जाता, हळूच, "मूड बरा नाहीये."

प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या टेबलावर एक छापील कागद होता, पालथा. त्यांनी तो सुलटा केला, पण तिच्याकडे सरकवला नाही; जेवणाच्या ताटात काहीतरी निघाल्यावर माणूस ते दाखवतो पण हात लावू देत नाही, तसा. "हे काल रात्री आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर आलंय. वाचून दाखवू की नको?"

"दाखवा, सर."

"'तुमच्याकडे पाणी तपासणारी बाई शत्रूचं पाणी पिते. आमच्या हुतात्म्यांना पळपुट्यांत मिसळते. तिच्या सहीचं पाणी आम्ही का प्यावं?' खाली तेवीस जणांची नावं. खरी की खोटी, देव जाणे." त्यांनी चष्मा काढला. "ती साधी नोंद का कोण, ते तुम्हीच ना?"

"हो." तिला आश्चर्य वाटलं ते त्यांना कळलं याचं नव्हतं. एवढ्या लोकांनी शोध घेतला आणि तरी खरी चूक कुणालाच सापडली नाही, याचं वाटलं.

"हे बघा, तुमच्या कामात मी एकोणीस वर्षांत खोट काढलेली नाही. पण इथे तुमची सही चालते. उद्या कुणी म्हणालं, ही बाई मेलेल्यांचे आकडे फुगवते, तर पाण्याचे कशावरून नाही? मी काय सांगू त्यांना?"

"मी फुगवलेला नाही, सर. उलट…" ती थांबली. उलट मी कमी केला होता, हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, आणि ते बोलणं किती सोपं होतं, खोलीत फक्त दोन माणसं, पंख्याचा आवाज. तिने ते गिळलं.

"उलट काय?"

"काही नाही."

"मग सोमवारी मला दोन ओळी लिहून द्या. यापुढे असल्या भानगडीत पडणार नाही म्हणून. आपल्याला काय करायचंय लढायांशी? आपण पाणी बघावं." ते समजुतीने हसले, आणि ते हसू त्या पत्रापेक्षा तिला जास्त लागलं. शत्रू परवडला. त्याला निदान वाटतं की तुमच्या म्हणण्यात काहीतरी आहे.

संध्याकाळी दादाकडे जाताना ती बसमध्ये उभी होती आणि चर्चेचं पान फोनवर उघडं होतं. 'साधी नोंद'च्या नावाखाली दिवसभरात चौतीस उत्तरं. कुणी तिचं वय विचारलं होतं, कुणी तिचा बाप. प्रचालकाने, म्हणजे ज्याच्या हाती पान गोठवायचं बटण असतं त्याने, थंडपणे लिहिलं होतं: 'खाजगी वही हा प्रकाशित आधार नाही, त्यामुळे १७१ हा आकडा घेता येणार नाही. ४१ ला पुस्तकाचा आधार आहे, तो राहील. पुस्तकातला आकडा मुळातच कुठून चुकीचा आला हे कुणी दाखवून दिल्यास ४१ सुद्धा काढून जागा कोरी ठेवता येईल. सोमवारी पान गोठवत आहे.' तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो बरोबर होता. तिच्याही प्रयोगशाळेत कुणी घरून बाटलीत वजन करून आणलं असतं तर तिने ते घेतलं नसतं. म्हणजे फार झालं तर कोरी जागा मिळणार. एकशे एकाहत्तर येणार नाहीत, फक्त एक्केचाळीस जाईल. एवढ्यासाठी स्वतःच्या नावावर डांबर ओतायचं? समोरच्या सीटवरची बाई पिशवीत हात घालून आंधळेपणाने काहीतरी मोजत होती, बोटांनी, ओठ हलवत. तिला वाटलं, उठून सांगावं, बाई, पिशवी उघडून बघा आधी.

दादाचं फलक छापायचं दुकान खाली आणि घर वर. दुकानातच तो भेटला. मशीनमधून चार हात रुंद कापड सरकत बाहेर येत होतं, शाईचा उग्र वास. आधी झेंडा आला, मग 'निर्णायक विजयाची बावन्न वर्षे', मग बाबांचा तरुण चेहरा, मग त्यांचे हात. हातांत बंदूक होती. मूळ फोटो तिने शंभरदा पाहिला होता. त्यात बाबांच्या हातात लोखंडी झारा होता, जवळजवळ त्यांच्या खांद्याइतका लांब, आणि मागे पातेल्यांची उतरंड. आता मागे डोंगर होते.

"झारा कुठे गेला?" तिने विचारलं.

"आली तराजू," दादा मशीनवरून नजर न काढता म्हणाला. लहानपणापासून तो तिला हेच म्हणायचा. वाटीतला खाऊ ती सारखा वाटून मागायची म्हणून. "रविवारी पाचशे माणसं येणार, स्वतः पुस्तकवाले साहेब बाबांना शाल घालणार. झारा घेऊन उभा करू त्यांना? लोक म्हणतील, लग्नाचा आचारी आहे."

"आचारीच होते ते."

"पलटणीत होते ना? लढाईत होते ना? मग झालं." त्याने फलकाच्या कोपऱ्यातल्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे बघ. फोन धरला की थेट ज्ञानकोशाचं पान उघडतं. पुरावा हवा कुणाला तर घ्या. म्हणून तुला सांगतोय, रविवारपर्यंत त्या पानाला हात लावू नकोस. मला माहितीये तू तिथे काय उद्योग करतेस. आमच्या फोनवरच्या गटात तुझ्यावर काय काय येतं ते मी वाचतो आणि गप्प बसतो. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही कुणाला."

"काय येतं?"

"वाचण्यासारखं नाही."

"तू त्यांना काही म्हणत नाहीस?"

"काय म्हणू? एका आचाऱ्याच्या वहीवरून ही बाई सगळ्या पलटणीचं नाक कापते, आणि ती माझ्या घरातली आहे? उद्या धोब्याची यादी आणशील. इतके सदरे धुवायला आले नाहीत, सबब इतके मेले."

"ती यादी असती तर आणली असती."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग होता, पण रागाखाली काहीतरी मऊ, दुखरं होतं, आणि तिला एकदम शाळेतला दादा आठवला: वर्गात सगळ्यांनी बापाचा धंदा सांगायचा होता, आणि आचारी म्हटल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी दोन माणसांच्या डब्याची ऑर्डर दिली होती. वर्ग हसला होता. दादा आठवडाभर जेवला नव्हता, निदान घरचं. तो दहा वर्षांचा मुलगा आता चार हात रुंद कापडावर बापाच्या हातात बंदूक देत होता. तिला हे समजत होतं. समजल्याने तिचा राग तसूभरही कमी झाला नाही. फक्त त्याला धरायला जागा उरली नाही.

वर वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि डोळ्यांनीच 'आज काही काढू नका' असं सांगितलं. बाबा खुर्चीत, गुडघ्यांवर चादर, नजर नेहमीप्रमाणे खिडकीत. दादा मागोमाग आला, हातात भाषणाचे कागद. "बाबा, ऐका हं. सुरुवात मी करणार, मग साहेब." तो उभा राहूनच वाचू लागला. त्याचा आवाज चांगला होता, लहानपणापासून. शत्रूची संख्या, आपली संख्या, थंडी, धुकं, पूल. पूल उडवला तो शत्रूचा मार्ग तोडण्यासाठी, असं आलं. बाबांचं बोट चादरीवर हललं. "आणि केवळ एक्केचाळीस वीरांच्या मोबदल्यात…"

"जेवणाचं काय?" बाबा म्हणाले.

दादा थबकला. "कसलं जेवण?"

"पाचशे माणसं येणार म्हणालास."

"होय की. खालच्या उपाहारगृहाला सांगितलंय. पाचशे धरा म्हटलं."

"धरा नाही. किती ताटं, ते सांगायचं. आणि सही कोणाची?"

"बाबा, सही कसली त्यात," वहिनी हसून म्हणाली, "आता तसं नसतं."

"आकड्याला सही लागते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात पितळी भांड्यावर भांडं ठेवल्यासारखं काही होतं. "एक्केचाळीस कोण म्हणालं?"

"पुस्तकात आहे, बाबा. साहेबांच्या."

"तो तेव्हा शाळेत होता. त्याला कोणी सांगितलं?"

"आता ते मी कसं सांगू? मोठा माणूस आहे, कुठेतरी पाहिलं असेलच. पाहिल्याशिवाय कुणी लिहितं का?"

बाबांनी मान वळवली. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला कधी दोनदा विचारलं नव्हतं. ताट वाढल्यावर हवं-नको विचारायचे तेही एकदाच. "मी विचारतोय, त्याला कोणी सांगितलं?" ते दादाकडे बघत नव्हते. ते तिच्याकडेही बघत नव्हते. त्यांची नजर दोघांच्या मधल्या भिंतीवर होती, जिथे काहीच नव्हतं, आणि तिला ते तिथे काय बघत होते ते पक्कं ठाऊक होतं. शिजवलं किती, जेवले किती, कोरा रकाना. आकडा कमी करायला सही नव्हती म्हणून या माणसाने तीन दिवस मेलेल्यांसाठी बटाटे सोलले. आणि तिने, एका रविवारी, हातात वही-पेन्सिल घेऊन, कुणाची सही न घेता, आचाऱ्यालासुद्धा न विचारता, एकशे एकाहत्तर ताटं उचलून टाकली होती. वज्रमुठीने आज सकाळी फक्त जागा पुसली. तिला वाटत आलं होतं की ती घाबरते ते त्या तेवीस नावांना, प्रमुखांच्या हसण्याला, चौतीस उत्तरांना. खोटं होतं ते. तिला या खोलीची भीती होती, या एका प्रश्नाची. तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि पाणी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

"मी," ती म्हणाली.

दादा हसला. "तू काय?"

"साहेबांना मी सांगितलं. ते माझ्याकडून उतरवून घेतलंय त्यांनी. सोळा वर्षांपूर्वी ते पान मी लिहिलं होतं, दुसऱ्या नावाने. स्तंभावरची नावं मोजली आणि तेवढेच मेले असं लिहून टाकलं. बेसाल्ट लिहिलं होतं मी, तर तेही घेतलं त्यांनी. तो सिमेंटचा आहे, दादा. नखाने खरवडून बघ."

खाली मशीन चालूच राहिलं होतं, कापड सरकल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. दादाच्या हातातला कागद खाली आला. "रविवारपर्यंत," तो म्हणाला, आणि त्याचा तो चांगला आवाज बसका झाला होता, "रविवारपर्यंत तरी गप्प राहा. तुझ्या पाया पडतो. मग काय हवं ते कर."

बाबा आता तिच्याकडे बघत होते. त्या बघण्यात माया नव्हती, क्षमाही नव्हती. चुकीचा आकडा घेऊन भटारखान्याच्या दारात आलेल्या माणसाकडे आचारी बघतो, तसं ते बघणं होतं: किती जणांचं करू, ते नीट सांग.

"वही द्या, बाबा," ती म्हणाली. "तिच्यावर मी काही लिहिणार नाही. त्या तीन दिवसांच्या ओळींचे फोटो ज्ञानकोशात टाकीन आणि खाली माझ्या खऱ्या नावाने लिहीन की एक्केचाळीस ही माझी चूक होती. उद्या सकाळी, कामावर जायच्या आधी. सही मी करणार आहे."